वाचकांचे प्रश्न : हिमवादळाआधीचे दोन दिवस आणि नंतरचा आठवडा

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच विषयावर आहेत, त्यामुळे या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे मिनेसोटा, नॉर्थ डकोटा, इलिनॉय आणि टेक्सस येथून आली आहेत. काही नव्याने आलेल्या तरुणांची आहेत, तर काही मुलांकडे हिवाळ्यात राहायला आलेल्या आईवडिलांची आहेत. मी स्वतः मिनेसोटात सव्वीस हिवाळे काढले आहेत आणि त्यांतल्या पहिल्या दोन-तीन हिवाळ्यांत ज्या चुका केल्या, त्या इतरांच्या वाट्याला येऊ नयेत एवढ्यासाठी ही उत्तरे थोडी सविस्तर लिहिली आहेत.

प्रश्न : मी ऑगस्टमध्ये नागपूरहून मिनीॲपोलिसजवळ राहायला आलो. गेल्या आठवड्यात फोनवर आधी ‘विंटर स्टॉर्म वॉच’ आला, दीड दिवसाने त्याचा ‘वॉर्निंग’ झाला. वॉच आला तेव्हा बाहेर लख्ख ऊन होते आणि बर्फ वितळत होता, म्हणून मी लक्ष दिले नाही. या दोन शब्दांत नेमका फरक काय, आणि तयारीला लागायचे ते केव्हा?

उत्तर : ‘वॉच’ म्हणजे वादळ येण्याची बरीच शक्यता आहे, पण त्याचा मार्ग आणि वेळ अजून पक्की झालेली नाही, ही सूचना साधारणपणे एक ते तीन दिवस आधी निघते. ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ येणार हे जवळपास निश्चित आहे किंवा ते सुरू झाले आहे. तिसरा शब्द ‘ॲडव्हायझरी’; त्याचा अर्थ त्रास होईल, पण वॉर्निंगइतका नाही. आपल्या भागासाठी या सूचना राष्ट्रीय हवामान सेवेचे चॅनहॅसन येथील कार्यालय काढते. तयारीचा दिवस वॉचचा आहे, वॉर्निंगचा नव्हे. वॉर्निंग येते तेव्हा सारे शहर एकाच वेळी दुकानाकडे निघालेले असते आणि औषधाच्या दुकानात रांग लागलेली असते.

उन्हाबद्दल आपण लिहिलेत, तो मुद्दा फार महत्त्वाचा आहे. या मैदानी प्रदेशात मोठे वादळ येण्यापूर्वी दक्षिणेकडून उबदार वारा वाहतो आणि अवेळी वसंत आल्यासारखे वाटते. मागून येणारी अतिथंड हवेची आघाडी पोहोचली की तासाभरात सगळे पालटते. १२ जानेवारी १८८८ रोजी डकोटा, नेब्रास्का आणि मिनेसोटाच्या मैदानांत हेच घडले. त्या सकाळी हवा इतकी सौम्य होती की मुले जाड कोट न घालता शाळेला गेली, आणि वादळ आले तेव्हा अनेक मुले शाळेत किंवा घरी परतण्याच्या वाटेवर होती. त्या वादळात सुमारे २३५ माणसे दगावली. आज उपग्रह आहेत, रडार आहे आणि खिशात फोन आहे. पण खिडकीबाहेरचे ऊन पाहून सूचना बाजूला सारण्याची सवय मात्र तीच आहे.

वॉच आला की मी जे करतो ते सांगतो. गाडीची टाकी भरून घेतो, निदान अर्ध्याच्या खाली राहू देत नाही. रोजची औषधे किमान दोन आठवड्यांची आहेत का हे पाहतो. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत हे विशेष जपावे, कारण तिकडून आणलेली गोळी संपली तर इथे नव्याने डॉक्टरांकडे गेल्याशिवाय ती मिळत नाही. विजेऱ्या तपासतो, फोन भरून ठेवतो, आणि बर्फ उपसायचे फावडे गॅरेजमधून काढून घराच्या दारात आतल्या बाजूला आणून ठेवतो. रात्रीतून गॅरेजच्या दारावर बर्फ चढला की आतले फावडे असून नसल्यासारखे होते. खाण्याची चिंता मराठी घराने फारशी करू नये. वीज गेली आणि विजेची शेगडी बंद पडली तरी दहीपोहे, मेतकूट, चिवडा, भाजलेले दाणे आणि गूळ यांवर दोन दिवस सहज निघतात, आणि जानेवारी असेल तर संक्रांतीचे तिळाचे लाडू डब्यात असतातच. प्यायचे पाणी तेवढे आठवणीने भरून ठेवावे.

आपण मिनीॲपोलिस शहराच्या हद्दीत राहत असाल आणि गाडी रस्त्यावर उभी करत असाल, तर शहराने ‘स्नो इमर्जन्सी’ जाहीर केली आहे का हेही पाहावे. ती तीन दिवस चालते आणि गाडी कोणत्या रस्त्यावर, कोणत्या बाजूला उभी करायची याचे नियम रोज बदलतात. चुकलेली गाडी ओढून नेतात, मग वादळानंतरची सकाळ ती सोडवण्यात जाते.

प्रश्न : मी फार्गो येथे शिकतो. अंदाजात जेमतेम दोन इंच बर्फ सांगितला होता, तरी ‘ब्लिझर्ड वॉर्निंग’ दिली आणि महामार्ग बंद केला. दोन इंचांसाठी एवढे कशाला? मला त्या दिवशी मिनीॲपोलिसला मित्रांकडे जायचे होते.

उत्तर : आपण गेला नाहीत याचे मला फार समाधान वाटते. ब्लिझर्ड हा शब्द किती बर्फ पडला यावरून ठरत नाही. ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर, किंवा त्याहून अधिक वेगाचा वारा किंवा वाऱ्याचे झोत. पडणाऱ्या किंवा जमिनीवरून उडणाऱ्या बर्फामुळे पाव मैलाच्या, म्हणजे साधारण ४०० मीटरच्या, आत आलेली दृष्टी. आणि ही स्थिती निदान तीन तास, एवढे झाले की ते ब्लिझर्ड. आकाशातून एक कणही पडत नसताना, केवळ आधी पडलेला कोरडा, भुरभुरीत बर्फ उडूनही ब्लिझर्ड होते. वर पाहिले तर निळे आकाश दिसते आणि समोर पाहिले तर गाडीचे बॉनेट दिसत नाही.

फार्गोचे दुर्दैव म्हणजे तिथली सपाट जमीन. रेड नदीचे खोरे हा हिमयुगातल्या ॲगॅसिझ नावाच्या प्रचंड सरोवराचा तळ आहे. टेकडी नाही, झाडी विरळ, पिके कापून झालेली. मैलोन् मैल वाऱ्याला अडवणारे काही नाही. बर्फाचे कण आधी जमिनीलगत सापासारखे वळवळत रस्ता ओलांडतात, वारा वाढला की उठून माणसाच्या डोक्यावर जातात, आणि मग सगळीकडे एकच पांढरा रंग उरतो. महामार्गाच्या बाजूला लाकडी फळ्यांची कुंपणे किंवा मुद्दाम न कापता ठेवलेल्या मक्याच्या काही ओळी आपण पाहिल्या असतील. मिनेसोटाचे वाहतूक खाते असा मका उभा ठेवण्यासाठी शेतकऱ्यांना मोबदला देते, कारण त्या ओळींमुळे वाऱ्याचा वेग तुटतो आणि बर्फ रस्त्यावर न येता शेतातच साचतो. कोकणात वाऱ्यापासून बागेचे रक्षण करायला कडेने सुरू लावतात, त्याच जातीचा हा उपाय आहे.

महामार्गाचे फाटक बंद असेल तर आडवाटेने जाण्याचा विचारही करू नये; जो रस्ता नकाशावर मोकळा दिसतो तो बहुधा फक्त न पाहिलेला रस्ता असतो. तरीही कधी अडकलातच, तर गाडी सोडू नये. शंभर पावलांवरचे घर दिसत होते म्हणून निघालेली माणसे पन्नासाव्या पावलाला दिशा हरवतात. गाडीत बसावे, एखादे रंगीत फडके बाहेर बांधावे, तासातून सुमारे दहा मिनिटे इंजिन चालवून ऊब घ्यावी, आणि प्रत्येक वेळी इंजिन सुरू करण्यापूर्वी खाली उतरून गाडीचे धुराडे (मागची धूर सोडणारी नळी) बर्फाने बुजलेले नाही ना हे हाताने पाहावे. धुराडे बुजले असेल तर विषारी वायू गाडीत शिरतो, आणि त्याला वास नसतो. डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराने सलग ३७ तास ब्लिझर्ड सोसले. विमानतळावर त्या चार-पाच दिवसांत पन्नास इंचांहून अधिक बर्फ मोजला गेला आणि त्या परिसरात चाळीसहून अधिक लोक मरण पावले. त्यांत गाडीत सापडलेले होते, रस्त्यावर सापडलेले होते, आणि रुग्णवाहिका पोहोचू न शकल्यामुळे घरातच गेलेलेही होते. बर्फाची सवय असलेल्या शहराची ही कथा आहे, म्हणून ती नवख्या माणसाने अधिकच मनावर घ्यावी.

प्रश्न : मी साताऱ्याची. मुलगी जानेवारीच्या अखेरीस बाळंत होणार म्हणून शिकागोजवळ येऊन राहिले आहे. जावई म्हणतात, वादळात वीज जाऊ शकते आणि वीज गेली की घर गरम करणारे यंत्र बंद पडते. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात, बाळाला शेक-धुरी देतात. गॅरेजमध्ये बार्बेक्यूची शेगडी आणि कोळसा आहे. अडचणीच्या वेळी ती आत घेतली तर चालेल का?

उत्तर : ताई, आपल्या मनातली काळजी मला पूर्ण कळते, कारण माझ्या आईनेही मला हेच विचारले होते. तरीही उत्तर ठामपणे ‘नाही’ असेच आहे, आणि दार थोडे किलकिले ठेवून किंवा गॅरेजमध्ये पेटवूनही नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. गर्भारपणात तर तो पोटातल्या बाळालाही बाधतो. जुन्या कौलारू घरात कौलांच्या फटींतून, दाराखालून, माजघराच्या झरोक्यातून हवा खेळत असे, आणि तरीसुद्धा बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या दुःखद बातम्या आपण थंडीत वाचत आलो आहोत. इथले घर ऊब बाहेर जाऊ नये म्हणून चहूबाजूंनी बंद केलेले असते, त्यामुळे वायूलाही बाहेर जायला वाट नसते. धुरीचेही तेच, ती या घरात मुळीच देऊ नये.

वीज गेलीच तर सर्वांनी एकाच खोलीत राहावे, शक्यतो लहान आणि दक्षिणेकडच्या खोलीत. दाराच्या फटीला टॉवेल गुंडाळून लावावा, दिवसा ऊन असेल तेव्हा पडदे उघडावेत आणि सूर्य मावळताच ओढून घ्यावेत. बाळ आले असेल तर त्याला आईच्या उराशी, त्वचेला त्वचा लागून ठेवणे ही सर्वांत खात्रीची ऊब आहे. मात्र आईला झोप येऊ लागली की बाळाला त्याच्या पाळण्यात निजवावे, अंगात कपड्यांचे थर चढवावेत आणि सुटी पांघरुणे तोंडावर येतील अशी घालू नयेत. मेणबत्त्या आणि निरांजने यांऐवजी विजेरी वापरावी. पण याहून मोठे काम आधीचे आहे. मुलीच्या प्रसूतीची तारीख वादळाच्या जवळ येत असेल तर जावयांनी डॉक्टरांना आजच फोन करून ‘रस्ते बंद होण्याआधी आम्ही रुग्णालयाजवळ कुठे येऊन राहावे का’ हे विचारावे. हा प्रश्न डॉक्टरांना नवा नसतो आणि त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

जावयांना आणखी दोन गोष्टी सांगा. पहिली, घरात कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे, बॅटरीवर चालणारे यंत्र आहे का आणि ते वाजते का हे बटण दाबून पाहावे. दुसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊकच नसते. नव्या पद्धतीच्या फर्नेसचे, म्हणजे घर गरम करणाऱ्या यंत्राचे, धुराडे छतावर नसते. घराच्या बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर, पांढऱ्या प्लास्टिकचे मनगटाएवढे दोन नळ बाहेर आलेले असतात. एकातून फर्नेस हवा आत घेतो, दुसऱ्यातून धूर बाहेर सोडतो. उडणारा बर्फ भिंतीला लागून साचतो तो नेमका तिथेच. एका फेब्रुवारीत आमचा फर्नेस पहाटे तीन वाजता बंद पडला, तेव्हा दुरुस्तीवाल्याला फोन करून मी दोन तास थंडीत बसलो. उजाडल्यावर बाहेर जाऊन पाहिले तर भिंतीशी कमरेइतका ढीग आणि त्यातून एका नळाचा जेमतेम काठ दिसत होता. हाताने बर्फ बाजूला केला आणि दहा मिनिटांत घर पुन्हा गरम होऊ लागले. त्या रात्री यंत्राने स्वतःला बंद करून घेतले हे आमचे नशीब, नाहीतर तोच विषारी वायू घरात शिरला असता. वादळाआधी दिवसाउजेडी हे नळ कुठे आहेत ते पाहून ठेवावे आणि वादळात दर काही तासांनी ते मोकळे करावेत. जनरेटर वापरणार असाल तर तो घरापासून किमान २० फूट लांब, खिडक्यांपासून दूर, उघड्यावरच चालवावा.

प्रश्न : आम्ही डॅलसला राहतो. इथे बर्फ फारसा पडत नाही, पडला तर इंचभर. मग टेक्ससमध्ये एवढा गोंधळ का उडतो?

उत्तर : कारण आपल्याकडे पडतो तो बहुधा बर्फ नसतोच, तो गोठणारा पाऊस असतो. वरच्या उबदार हवेत हिमकण वितळून पाणी होतात, आणि जमिनीलगत शून्याखालच्या हवेचा पातळ थर असल्यामुळे ते थेंब ज्याला शिवतील त्यावर काच होऊन बसतात. रस्ता ओला वाटतो, पण तो ओला नसतो. ११ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे फोर्ट वर्थमध्ये अशाच गोठणाऱ्या भुरभुरीमुळे एकमेकांवर १३० हून अधिक गाड्या आदळल्या आणि सहा जणांचा जीव गेला. पूल आणि उड्डाणपूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही थंड हवा लागते. अर्धा इंच जाडीचा थर फांद्या आणि विजेच्या तारा खाली आणायला पुरतो; जानेवारी १९९८ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमध्ये अशा पावसाने विजेचे उंच मनोरेच वाकवले आणि लाखो लोक कित्येक दिवस विजेविना राहिले.

आपल्याकडच्या घरांचे नळही या थंडीसाठी बांधलेले नसतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि नळ फोडते. थंडी येण्याआधी बाहेरच्या तोट्या गुंडाळाव्यात, बाहेरच्या भिंतीलगतच्या मोरीखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवावीत, तोटी बारीक धारेने चालू ठेवावी, आणि घराचे मुख्य पाणी बंद करण्याची कळ कुठे आहे ती घरातल्या प्रत्येकाने फिरवून पाहिलेली असावी. फेब्रुवारी २०२१ च्या वादळात टेक्ससने अधिकृत मोजणीनुसार २४६ माणसे गमावली. डॅलसच्या वाचकांनी स्वतःला मिनेसोटापेक्षा सुरक्षित समजू नये.

प्रश्न : बाबा ६९ वर्षांचे आहेत, पुण्यात रोज पर्वती चढतात. वादळ थांबले की ते फावडे घेऊन बाहेर जातात आणि सकाळचा फेरफटकाही चुकवायला तयार नाहीत. त्यांना कसे समजवावे?

उत्तर : हे उत्तर बाबांनाच वाचायला द्यावे, म्हणून त्यांना उद्देशून लिहितो.

बाबा, पर्वती रोज चढणे ही मोठी गोष्ट आहे, पण बर्फ उपसणे हा निराळा व्यायाम आहे. हात छातीच्या वर जातात, श्वास रोखला जातो, थंड हवेने रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर एकदम भार येतो. मोठ्या बर्फानंतर फावडे हातात असतानाच हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रसंग इथे दर हिवाळ्यात घडतात, आणि आपल्या भारतीयांना हृदयविकाराचा धोका मुळातच अधिक आहे. हे काम मुलाला करू द्यावे. आपण घरातून त्याला एवढेच सांगावे की बर्फ पूर्ण थांबण्याची वाट न पाहता दर तीन-चार इंचांनी तो काढावा, आणि त्यावरून गाडी नेण्यापूर्वी काढावा. चाकाखाली दाबलेला बर्फ दगड होतो. आमच्या दारातले दोन चाकांचे पट्टे एका वर्षी मार्चपर्यंत तसेच होते.

फेरफटक्याबद्दल. तापमान शून्य अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे १८ सेल्सियस, आणि वारा ताशी १५ मैल असेल तर उघड्या त्वचेला ते उणे १९ फॅरनहाइटसारखे लागते आणि अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. नाक, कान आणि बोटे आधी पांढरी पडतात, मग बधिर होतात. दुखायचे थांबले म्हणजे बरे वाटले असे नव्हे. अशा दिवशी मॉलमध्ये किंवा समाजमंदिराच्या सभागृहात चालावे.

मात्र मला खरी भीती वाटते ती वादळाची नाही, त्यानंतरच्या आठवड्याची. वादळात सगळे जपून असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ऊन पडते, छपरावरून पागोळ्या गळू लागतात, पन्हळीतून आलेले पाणी पायवाटेवरून वाहते, आणि संध्याकाळी पाच वाजता त्याचा पातळ, पारदर्शक थर गोठतो. खालचे काँक्रीट जसेच्या तसे दिसते, म्हणून डोळा फसतो. कडाक्याच्या थंडीपेक्षा तापमान गोठणबिंदूच्या जवळपास असताना हा थर अधिक निसरडा असतो, कारण त्यावर पाण्याची बारीकशी झिलई असते. मी पडलो तो असाच, स्वतःच्या घराच्या शेवटच्या पायरीवर, हातात केराची पिशवी घेऊन. मनगट दोन महिने प्लास्टरमध्ये होते. बाहेर पडताना हात खिशात घालू नयेत, पावले लहान टाकावीत, पाऊल सपाट ठेवावे आणि अंगाचा भार पुढच्या पायावर ठेवावा. बुटांना ओढून चढवायचे टोकदार रबरी पट्टे मिळतात, ते मुलाकडून आजच मागवून घ्यावेत.

मीठ टाकायचे असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. साधे खडेमीठ सुमारे १५ अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे ९ सेल्सियसच्या खाली जवळजवळ निरुपयोगी ठरते. त्याहून थंडीत कॅल्शियम क्लोराइड लागते, किंवा पाय घसरू नये म्हणून नुसती वाळू टाकावी. आणि मीठ मुठी-मुठीने उधळू नये. आधी बर्फ खरवडून काढावा, मग कॉफीच्या एका मोठ्या मगात मावेल एवढे मीठ वीस फूट लांबीच्या ड्राइव्हवेला पुरते. जे उरते ते वितळलेल्या पाण्याबरोबर इथल्या तळ्यांत जाते, आणि चमचाभर मीठ पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर पाणी कायमचे खराब करते. फरशीवर उरलेले खडे दिसले तर ते झाडून पुन्हा डब्यात भरावेत. पुढच्या वादळाला ते उपयोगी पडतात.